ऐकायला शिकलेली माणसं

मुंबईत कुणी तऱ्हेवाईक वागलं की लोक म्हणतात, 'याला ठाण्याला न्या.' पुण्यात त्याच जागी येरवडा येतं, कोकणात रत्नागिरी येतं, विदर्भात नागपूर. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं या चार गावांत आहेत आणि त्यांची नावं आपल्या भाषेत टोमणा होऊन बसली आहेत. या टोमण्यात दोन समजुती दडलेल्या आहेत. मनाचा आजार म्हणजे माणसाचं भान सुटणं, ही एक. त्यावरचा उपचार म्हणजे दूरच्या गावी, उंच भिंतीआड होणारी गोष्ट, ही दुसरी. नैराश्याच्या बाबतीत या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. पहिलीबद्दल गेल्या वीसेक वर्षांत बरंच बोललं, लिहिलं गेलं. दुसरीकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही, आणि नुकसान जास्त झालं ते तिच्यामुळेच. भिंतीआड जाण्याची वेळ ज्यांच्यावर कधीच येणार नाही अशी लाखो माणसं, उपचार दूर आहेत म्हणून, काहीच उपचार न घेता दिवस काढत राहतात. या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. नैराश्य आलेल्या बहुतेकांना पहिली मदत त्यांच्याच गावातलं, त्यांच्याच बोलीत बोलणारं माणूस देऊ शकतं. अट एवढीच की त्या माणसाला ती मदत कशी करायची हे नीट शिकवलेलं असावं आणि त्याच्या कामावर कुणाची तरी सतत नजर असावी. याचा पुरावा आपल्या शेजारी गोव्यात आणि आपल्याच अमरावती जिल्ह्यात तयार झालेला आहे.

आधी अडचण केवढी आहे ते पाहू. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता, पण देशाचा अंदाज त्यातून मिळतो. पाहणीच्या वेळी प्रौढांपैकी २.७ टक्के माणसं नैराश्यात होती, आणि आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येऊन गेलेल्यांचं प्रमाण ५.२ टक्के, म्हणजे वीसात एक होतं. नैराश्य असलेल्या शंभरातल्या ८५ जणांना कसलाच उपचार मिळत नव्हता. आता २.७ टक्के म्हणजे देशभरात दोन कोटींहून जास्त माणसं. २०१९च्या एका अंदाजानुसार देशातले मानसोपचारतज्ज्ञ आहेत ९ हजारांच्या आसपास, लाख लोकांमागे एकही पुरा नाही, आणि त्यांतले बहुतेक शहरांत. भागाकार केला तर एकेका डॉक्टरच्या वाट्याला नुसते नैराश्याचेच दोन हजारांवर रुग्ण येतात. स्किझोफ्रेनिया, दारूचं व्यसन, लहान मुलांचे प्रश्न हे सगळं त्याच्यापलीकडे. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या जागा दुप्पट केल्या तरी हे गणित या पिढीत सुटणार नाही. त्यामुळे 'तज्ज्ञ वाढवा' ही मागणी रास्त असली तरी तेवढ्याने भागणार नाही.

आणि समजा तज्ज्ञ शेजारच्या गल्लीत आला, तरी माणूस त्याच्याकडे जाईल का? इथे भाषेचा प्रश्न येतो. 'नैराश्य' हा शब्द वर्तमानपत्राचा आणि पुस्तकाचा आहे. दवाखान्याच्या बाकावर बसलेली बाई 'मला नैराश्य आलंय' असं म्हणत नाही. ती म्हणते, अंग गळून गेल्यासारखं वाटतं. डोकं भणभणतं, हातापायांना मुंग्या येतात, रात्री दोनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही, अन्नावर वासना नाही, कशातच जीव रमत नाही. पुरुष म्हणतो, 'टेन्शन आहे हो,' आणि गप्प होतो. डॉक्टर रक्त तपासतात, शक्तीची गोळी देतात, कधी सलाईन लावतात. तपासणी करणं योग्यच आहे, कारण थायरॉइड कमी असणं, रक्त कमी असणं, बी-१२ कमी असणं यांतही असाच थकवा येतो. चूक पुढे होते. रिपोर्ट नॉर्मल आले की 'तुम्हाला काही झालेलं नाही' असं सांगून बाईला घरी पाठवतात. अंगावरून पांढरं जाणं ही आपल्याकडच्या बायकांची किती नेहमीची तक्रार! गोव्यातल्या बायकांच्या याच तक्रारीचा अभ्यास २००५ मध्ये 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ एपिडेमिऑलॉजी'मध्ये प्रसिद्ध झाला. या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी आणि घरातल्या परिस्थितीशी अधिक घट्ट असल्याचं त्यात दिसलं. मनाचं दुखणं सांगायला शब्द नाहीत किंवा सोय नाही, म्हणून शरीर ते सांगतं. ते ऐकणाऱ्याला ही भाषा कळली पाहिजे. दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज, मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, मरणाचे विचार यांतली काही लक्षणं असतील, तर डॉक्टर त्याला नैराश्य म्हणतात. चार दिवसांचं दुःख वेगळं, आणि महिनोन्‌महिने चिकटून बसलेली ही अवस्था वेगळी.

झिंबाब्वेत शोना भाषेत या अवस्थेला 'कुफुंगिसिसा' म्हणतात. अर्थ, फार विचार करत राहणं. हरारे शहरातल्या सरकारी दवाखान्यांबाहेर लाकडी बाक टाकून त्यावर प्रशिक्षण दिलेल्या वयस्क बायका बसवायच्या आणि लोकांनी त्यांच्याशी बोलायचं, असा उपक्रम मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून उभा केला. तिथे कुणाला 'तुम्हाला डिप्रेशन आहे' असं सांगत नाहीत, लोकांच्या तोंडचा शब्दच वापरतात. आपल्याकडे 'विचार करकरून डोकं फुटायची वेळ आली' हे वाक्य घरोघरी ऐकू येतं, ते याच्या फार जवळचं आहे. गोव्यात आणि विदर्भात ज्यांनी काम केलं त्यांनीही 'टेन्शन', 'ताण' हेच शब्द धरून सुरुवात केली. शुद्धतेच्या आग्रहापोटी कुणाला 'टेन्शन' हा शब्द खटकेल. पण ज्या शब्दाने माणूस तोंड उघडतो, तो शब्द माझ्या मते आपलाच.

आता गोवा. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तिथे 'संगत' ही संस्था सुरू केली. या संस्थेने बरेच प्रयोग केले, पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेला. गोव्यातली १० प्राथमिक आरोग्य केंद्रं, ४९५ रुग्ण, सगळे १८ ते ६५ वयाचे आणि सगळ्यांचं नैराश्य मध्यम-तीव्र ते तीव्र. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. दोन्ही गटांच्या डॉक्टरांना रुग्णाच्या नैराश्याची माहिती दिलेली होती आणि उपचार कसे करावेत याची मार्गदर्शिकाही. एका गटाला त्याशिवाय एक समुपदेशक मिळाला. हा समुपदेशक मानसशास्त्राचा पदवीधर नव्हता, नर्सही नव्हता. किमान दहावी शिकलेला, तिथलाच राहणारा माणूस. त्याला तीन आठवडे वर्गात शिकवलं आणि नंतर सहा महिने प्रत्यक्ष रुग्णांसोबत, देखरेखीखाली काम करायला लावलं. त्याने रुग्णाला सहा ते आठ वेळा, प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास भेटायचं, घरी किंवा आरोग्य केंद्रात. तीन महिन्यांनी मोजलं तेव्हा समुपदेशक मिळालेल्यांपैकी ६४ टक्के माणसं नैराश्यातून बाहेर आली होती, नुसत्या डॉक्टरांच्या उपचारावर असलेल्यांपैकी ३९ टक्के. वर्षानंतरही हा फायदा टिकून होता, थोडा कमी झाला तरी. एखाद्या नव्या गोळीने एवढा फरक दाखवला असता तर तिची जाहिरात आपल्याला रोज दिसली असती.

या अर्ध्या-पाऊण तासात नेमकं काय होतं? नैराश्यात एक चक्र असतं. मन लागत नाही म्हणून माणूस कामं सोडतो, भेटीगाठी टाळतो. त्या सुटल्या की ज्यातून थोडं बरं वाटायचं तेच आयुष्यातून जातं, आणि मन आणखी बुडतं. समुपदेशक हे चक्र कृतीच्या बाजूने सोडवायला घेतो. समजा, एक बाई आहे, पूर्वी शिवणकाम करायची. समुपदेशक तिच्याबरोबर बसून तिच्या दिवसाचा तक्ता भरते. पाच वाजता उठले, पाणी भरलं, डबा केला, नऊला आडवी झाले, बारापर्यंत तशीच पडून. प्रत्येक ओळीपुढे मन कसं होतं तेही लिहायचं. दोन-तीन दिवसांचे तक्ते पुढे ठेवले की बाईला स्वतःलाच दिसतं, नऊ ते बाराची वेळ सर्वांत वाईट जाते आणि संध्याकाळी शेजारणीशी ओट्यावर बोलले त्या दिवशी जरा हलकं वाटलं. समुपदेशक म्हणत नाही, 'मग शिवायला लागा की.' तीन महिने चादरीखाली झाकलेली मशीन बाईला डोंगराएवढी वाटते आहे, हे तिला शिकवलेलं असतं. दोघी मिळून ठरवतात, मंगळवारी दहा वाजता मशीनवरची चादर काढायची आणि तेल घालायचं. बस, तेवढंच. पुढच्या भेटीत पहिला प्रश्न मंगळवारचा. जमलं असेल तर नंतर कसं वाटलं ते विचारायचं. नसेल जमलं तर रागवायचं नाही, आड काय आलं ते शोधायचं आणि पायरी आणखी लहान करायची. नवऱ्याला किंवा सासूला एखाद्या भेटीत बोलवायचं, कारण पुष्कळदा आड येणारी गोष्ट त्यांच्याकडेच असते. कुणी म्हणेल, 'हातपाय हलव, बरं वाटेल' हे तर आजीही सांगायची. पण आजी सगळा डोंगर एकदम दाखवायची आणि चढणं न जमणाऱ्याला आळशी ठरवायची. इथे पायरी त्या माणसाने स्वतः निवडलेली असते, पेलेल एवढीच असते, आणि पुढच्या आठवड्यात ती विचारायला कुणीतरी येणार असतं.

देखरेख कशी होते, हेही नीट सांगितलं पाहिजे, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. रुग्णाच्या परवानगीने भेटींचं रेकॉर्डिंग होतं. आठवड्याला समुपदेशक एकत्र बसतात, एखादं रेकॉर्डिंग सगळे मिळून ऐकतात आणि ठरलेल्या तक्त्यावर एकमेकांना गुण देतात. घाई केली का, मध्येच तोडलं का, उपदेश केला का, पुढचं काम रुग्णाला ठरवू दिलं का, अशा अंगांनी कान देऊन ऐकणं आलं. आपल्या कामाचं असं परीक्षण सहकाऱ्यांसमोर होणं किती व्यवसायांत घडतं? भरपूर पदव्या असलेल्या कित्येक समुपदेशकांच्या बंद खोलीत काय बोललं जातं, ते कुणीच कधी ऐकत नाही.

अमरावतीतला प्रयोग वेगळ्या तऱ्हेचा. शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर ओळखल्या गेलेल्या या जिल्ह्यातल्या ३० गावांत 'संगत'च्या लोकांनी 'विश्राम' नावाचा कार्यक्रम चालवला. मूळ इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून हा मराठी शब्द आपसूक तयार झाला, आणि कामाला शोभलाही. गावातले आरोग्य कार्यकर्ते बैठका घ्यायचे, ताणाबद्दल बोलायचे, त्रास असणाऱ्यांना ओळखायचे. समुपदेशक भेटी द्यायचे. ज्यांना औषधांची गरज वाटायची त्यांना डॉक्टरांकडे पोहोचवायचे. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी कसलीतरी मदत घेतलेले होते ४.३ टक्के. १८ महिन्यांनी हा आकडा २७.२ टक्के झाला. २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त हे प्रसिद्ध झालं. या पाहणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे सगळं श्रेय कार्यक्रमालाच देता येणार नाही. शिवाय शंभरातले ७३ अजूनही बाहेरच राहिले. पण चारावरून सत्तावीस, तेही दीड वर्षात, आणि नवं रुग्णालय न बांधता!

अमरावतीचं नाव घेतलं की सर्वांत गंभीर आक्षेप पुढे येतो. तो मी हलक्याने घेत नाही. शेतकऱ्याचं दुःख कर्जाचं आहे, कापसाच्या भावाचं आहे, पावसाचं आहे. त्याला भाव द्यायचं सोडून तुम्ही समुपदेशक पाठवता? ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्यालाच आजारी ठरवता? या आक्षेपातला अर्धा भाग पूर्ण खरा आहे. सरकारने समुपदेशनाचा कार्यक्रम जाहीर करून पीकविम्याचा, कर्जाचा, सिंचनाचा प्रश्न बाजूला सारला, तर ती फसवणूक ठरेल. पैशाचा मनाशी थेट संबंध आहे याला पुरावाही आहे. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना रोख मदत देणाऱ्या योजनेचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ज्या भागांत ही मदत पोहोचली तिथे आत्महत्यांचं प्रमाण १८ टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. समुपदेशनाचा एक शब्दही नव्हता तिथे. म्हणून दारिद्र्य हटवणं हाही मानसिक आरोग्याचा कार्यक्रम आहे, आणि मोठा आहे.

पण आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे कर्ज फिटलं की मनही आपोआप ताळ्यावर येईल, हा टिकत नाही. एकाच गावात, एकाच दुष्काळात, सारख्याच कर्जाखाली दहा शेतकरी असतात आणि त्यांतला एक अंथरुणाला खिळतो. खिळल्यावर तो बँकेत जाऊन पुनर्गठनाचा अर्ज भरू शकत नाही, पेरणीची वेळ साधू शकत नाही, भावकीतल्या वादात आपली बाजू मांडू शकत नाही. गरिबीने नैराश्य येतं आणि नैराश्याने गरिबी वाढते. अर्थतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञांनी मिळून २०२० मध्ये 'सायन्स' नियतकालिकात या दोन्ही दिशांचे पुरावे एकत्र मांडले आहेत. ज्याचा पाय मोडला आहे त्याला रस्ता दुरुस्त होईपर्यंत प्लास्टर घालू नका, असं आपण म्हणत नाही. शिवाय नैराश्याला फक्त शेतकऱ्याच्या आत्महत्येशी बांधून टाकलं की बाकीचे दिसेनासे होतात. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली आणि २२,७४६ सह महाराष्ट्र सर्व राज्यांत पहिला होता. यांत रोजंदारीवरचे मजूर होते, विद्यार्थी होते, आणि 'गृहिणी' या रकान्यात २५ हजारांहून अधिक बायका. त्यांतल्या बहुतेकींच्या नावावर शेतीचं कर्ज नव्हतं, सातबाराही नव्हता. त्यांच्या दारात कुठलं शिष्टमंडळ गेलं नाही.

दुसरा आक्षेप तज्ज्ञांकडून येतो. दहावी शिकलेल्या माणसाच्या हाती मन देणं धोक्याचं आहे, आणि श्रीमंताला मानसोपचारतज्ज्ञ आणि गरिबाला गावातली ताई ही विषमताच नाही का? धोक्याबद्दल आधी. या माणसांची कामाची हद्द आखलेली असते. कुणाला भास होत असतील, मध्येच कधी झोप न लागता अतिउत्साहाचा, उधळपट्टीचा काळ येऊन गेला असेल, खाणंपिणं सुटलं असेल, जिवाला धोका असेल, तर तो रुग्ण डॉक्टरांचा. काही आठवड्यांत फरक पडला नाही तरी डॉक्टरांचाच. म्हणजे तज्ज्ञ या रचनेतून वजा होत नाही, उलट खरी गरज असलेल्या रुग्णाला त्याचा वेळ मिळतो. औषधांबद्दलही इथेच बोलायला हवं, कारण समुपदेशनाची बाजू घेणारे काही जण गोळ्यांना नावं ठेवतात आणि त्याने माणसं दगावतात. २०१८ मध्ये ५२२ चाचण्यांमधल्या १,१६,४७७ रुग्णांची माहिती एकत्र केली तेव्हा पाहिलेली सर्व २१ औषधं निरुपद्रवी साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली. फरक प्रचंड नव्हता, पण होता, आणि तीव्र आजारात गोळ्यांवाचून चालत नाही. त्या लागू पडायला दोन ते चार आठवडे लागतात, बरं वाटल्यावरही सहा-नऊ महिने घ्याव्या लागतात, आणि मनाने एकदम बंद केल्या तर त्रास होतो. झोपेच्या गोळ्यांसारखी यांची सवय लागते ही भीती लोकांत फार आहे. सवय लागते ती झोपेच्याच गोळ्यांची, आणि आपल्याकडे त्याच बिनदिक्कत दिल्या जातात.

विषमतेच्या मुद्द्याला माझं उत्तर असं की हा उपचार गरिबांसाठी काढलेली पातळ आमटी नाही. कृतीच्या बाजूने चक्र तोडणारी ही पद्धत जगभर पदवीधर मानसशास्त्रज्ञही वापरतात. बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर पाकिस्तानात रावळपिंडीजवळ गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांकरवी दिलेल्या उपचाराने सहा महिन्यांनंतर नैराश्यात राहिलेल्या मातांचं प्रमाण ५३ टक्क्यांऐवजी २३ टक्के झालं. आपल्याकडे बाळंतीण रडते तेव्हा 'पहिलटकरीण आहे, होतं असं' म्हणून सोडून देतात, ते आठवलं की हा आकडा बोचतो. गोव्यातच खचू लागलेल्या वृद्धांना समुपदेशकांनी झोपेच्या सवयी, छोटे प्रश्न सोडवणं, पेन्शनसारखे हक्क मिळवणं यांत मदत केली, तेव्हा वर्षभरात नैराश्य जडलेल्यांचं प्रमाण १४.४ टक्क्यांऐवजी ४.४ टक्के राहिलं. मुलं पुण्याला नाहीतर परदेशी, आणि चार खोल्यांत दोन म्हातारी माणसं, अशी घरं आता मध्यमवर्गात भरपूर आहेत. त्यांनाही हाच उपचार लागेल.

तिसरं म्हणणं घराघरांतून येतं. आमच्याकडे माणसं आहेत, नातेवाईक आहेत, वारी आहे, सत्संग आहे, पगारी ऐकणारा कशाला? भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाचं नावच अर्जुनविषादयोग आहे, असंही सांगतात. माझ्या मते अर्जुनाचा विषाद हा नैतिक पेच होता, महिनोन्‌महिने झोप उडालेल्या बाळंतिणीचं दुखणं त्यात बसवू नये. श्रद्धेने कित्येकांना आधार मिळतो आणि तो काढून घ्यावा असं कुणी शहाणा म्हणणार नाही. नात्यांचं मात्र तपासून पाहावं. घरातलं माणूस प्रेमाने म्हणतं, 'तुला काय कमी आहे?' बोलणाऱ्याला वाटतं आपण धीर दिला. ऐकणाऱ्याच्या मनात एकाची दोन ओझी होतात, कारण आधीच आपण नालायक आहोत असं वाटणं हे या आजाराचंच लक्षण आहे, आणि आता काही कमी नसताना आपण असे, याची शरम वर. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' या सुवर्णकमळविजेत्या चित्रपटात स्वतः नैराश्यातून गेलेली बाई एका खचलेल्या तरुणाला घरी आणते, जागा देते आणि वाट पाहते. घाई करत नाही. पडद्यावर हे पाहताना सोपं वाटतं. घरात ते जमत नाही, कारण घरच्यांना भीती वाटत असते, राग येत असतो, शेजारी काय म्हणतील ते सतावत असतं. प्रेम आणि ऐकण्याचं कौशल्य या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. म्हणून बाहेरचं, तरीही परकं नसलेलं माणूस लागतं.

राहतो तो अंमलबजावणीचा प्रश्न, आणि इथे मलाही काळजी वाटते. प्रयोगात निवडक माणसं असतात, देखरेख असते, पैसा असतो. सरकारी यंत्रणेत तेच काम आशाताईंच्या डोक्यावर येणार, हे उघड आहे. हजार लोकांमागे एक आशा; लसीकरण, गरोदर बायका, क्षयरोग, सर्वेक्षणं, ऑनलाइन नोंदी हे सगळं तिच्याकडेच. मानधन वाढावं म्हणून त्यांना महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा संपावर जावं लागलं, २०२३ मध्येही. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी २०१५ मध्ये राज्याने 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला, त्यातही घरोघरी प्रश्नावली घेऊन जाण्याचं काम आशांवरच आलं. प्रश्नावली भरणं म्हणजे ऐकणं नव्हे. 'विश्राम' किंवा गोव्याचा प्रयोग राज्यभर न्यायचा तर या कामाला वेगळा वेळ आणि वेगळे पैसे हवेत, आणि दर आठवड्याची ती रेकॉर्डिंग ऐकणारी बैठक हवीच. पैसे वाचवायचे म्हणून पहिली कात्री लागेल ती या बैठकीला, आणि ती गेली की बाकीचा कार्यक्रम कागदावर उरेल. गोव्यातल्या आधीच्या, २०१०च्या प्रयोगाने आणखी एक गोष्ट दाखवली होती. समुपदेशक दिल्याचा मोठा फायदा सरकारी केंद्रांत झाला, तिथे बरे झालेल्यांचं प्रमाण ४२.५ वरून ६५.९ टक्के झालं; खासगी डॉक्टरांकडे मात्र फरक दिसला नाही. ओळखीचा, वेळ देणारा कुटुंबडॉक्टर मुळातच बरंच काम करत होता, हे त्याचं एक संभाव्य कारण. फॅमिली डॉक्टर नाहीसा होत चाललेल्या शहरांनी याची नोंद घ्यावी.

तोवर आज ज्याला गरज आहे त्याने काय करावं? जवळच्या डॉक्टरांकडे जाऊन झोप, भूक आणि मन या तिन्हींबद्दल स्पष्ट सांगावं, रक्ताच्या तपासण्या कराव्यात, आणि रिपोर्ट नॉर्मल आले तर तिथे न थांबता 'मग मनाचं काय?' हे आपणच विचारावं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, फुकट आणि मराठीत मिळते. औषध देतो तो मानसोपचारतज्ज्ञ, बोलून उपचार करतो तो मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक. समुपदेशकाला त्याचं शिक्षण आणि तो कुणाच्या देखरेखीखाली काम करतो हे विचारायला संकोच वाटू देऊ नये. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा आता लागू आहे. विमा कंपनीने मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरलं पाहिजे असं तो सांगतो, आणि आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताणाखाली असलेला समजून सरकारने त्याची काळजी घ्यावी असंही. पोलीस केस होईल या भीतीने अशा माणसाला दवाखान्यात न्यायला उशीर करू नये.

आणि विचारायचं कसं? नैराश्य मोजण्याच्या नेहमीच्या प्रश्नावलीत नऊ प्रश्न आहेत. शेवटचा मरणाच्या विचारांचा. न शिकलेलं माणूस तो असा विचारतं, 'तसलं काही मनात येत नाही ना?' त्या वाक्याच्या शेवटच्या 'ना'मध्येच उत्तर ठरलेलं आहे. समोरची बाई विचारणाऱ्याची सोय बघते आणि 'नाही' म्हणते. असा प्रश्न विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून कित्येकांना हायसं वाटतं. शिकलेली समुपदेशक विचारते, 'यापेक्षा मेलेलं बरं, असं कधी वाटतं का?' आणि थांबते. खिडकीबाहेर बघत नाही, कागदावर लिहीत नाही, पुढचं वाक्य पुरवत नाही. 'हो' आलं, तर दचकत नाही आणि शपथही घालत नाही. कधी वाटतं, किती वेळा, काही ठरवलं आहे का, हे विचारते. बाईला एकटं सोडत नाही. घरातल्या ज्या माणसावर तिचा विश्वास आहे त्याला तिच्यासमोरच बोलावून सांगते, घरात जिवाला धोका होईल असं जे काही असेल ते हलवायला लावते, त्याच दिवशी डॉक्टरांशी गाठ घालून देते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिच्या दारात जाते.